गाडी एकदाची बसली

२ फेब्रुवारी, सकाळ
गाडी आज पुन्हा बसली. म्हणजे बिघडली असं नाही. रात्री चांगली उभी होती, सकाळी म्हशीसारखी पोट टेकून बसलेली.

साध्या गाड्यांना स्प्रिंगा असतात. हिला चार चाकांवर तेलाच्या दाबाचे चार खांब आहेत, एक पंप आहे आणि वर कॉम्प्युटर. वळणावर कलू देत नाही, खड्डा कळू देत नाही. असल्या गाडीतून एके काळी कारखानदार फिरायचे. मी चौथा मालक. तिसऱ्याने किल्ली देताना डोळ्यांत पाणी आणलं होतं. मला वाटलं, प्रेमाने.

मिस्त्री म्हणतो, हे सगळं उपटून साध्या स्प्रिंगा टाकू. बायकोही तेच म्हणते. दोघांचं एकमत व्हावं इतकी त्यांची ओळख कधी झाली, देव जाणे.
ठराव: स्प्रिंगा कदापि नाही.

५ फेब्रुवारी
सासूबाईंच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. सोडलं की आमच्याकडेच येणार. डॉक्टरांची अट एकच: सीट खोल नको आणि वाटेत धक्का नको, सांधा निसटू शकतो. अँब्युलन्सला सासूबाईंनी साफ नकार दिला. आडवी होऊन आले, बसून जाईन, म्हणाल्या.

बायको टॅक्सी ठरवत होती. मी म्हणालो, धक्का न लागणारी गाडी दारात असताना टॅक्सी कशाला? बोलून गेलो. तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, आईच्या बाबतीत तुझं नेहमीसारखं नको हं. नेहमीसारखं म्हणजे कसं, हे मी विचारलं नाही. वाद वाढवण्यात अर्थ नसतो.

सासूबाई या गाडीत अजून बसलेल्या नाहीत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा, ही अशी बुटकी का, एवढंच विचारलं होतं. त्यांनी एकदा तरी ‘जावईबापू, गाडी छान आहे’ म्हणावं अशी माझी इच्छा आहे. फार नाही, एकदा.

८ फेब्रुवारी
तेल भरलं. गाडी उठली. जेवून खाली आलो तर तेल जमिनीवर आणि गाडी तेलावर.

मिस्त्रीला आणला. तो खांबांना पाय म्हणतो. पुढचा डावा पाय अधू आहे म्हणाला. बरा होईल का विचारलं, तर म्हणाला, होऊन जाईल. कशाने, ते त्यालाही ठाऊक नाही. याबाबतीत आमचं छान जमतं. मलाही आता पाय म्हणायची सवय लागली आहे.

११ फेब्रुवारी
पायाचं सील मी स्वतः बदललं. मिस्त्रीला वेळ नव्हता. व्हिडिओ कोणत्या भाषेत होता कळलं नाही, पण पाना फिरवायला भाषा लागत नाही. शेवटी एक वॉशर उरला. कंपनीने जास्तीचा दिला असणार. मोठ्या कंपन्या अशाच असतात.

गाडी उठली! बायकोला खिडकीतून बोलावलं. ती म्हणाली, छान, आता हात धुऊन ये, आणि बाथरूमच्या टॉवेलला पुसू नकोस. उशीर झाला होता.

१४ फेब्रुवारी
गाडी उभी आहे. किंचित डावीकडे कलल्यासारखी वाटते. मला वाटतं आपलं पार्किंगच उताराचं आहे. सोसायटीकडे तक्रार करायला हवी.

बायकोने पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, हातच्या कांकणाला आरसा कशाला. ती म्हणाली, टॅक्सीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. तिचा विश्वास बसत नाही. गाडी सोडून बाकी काहीच इथे पटकन बसत नाही.

१६ फेब्रुवारी, रात्री
आजची हकिगत सविस्तर लिहून ठेवतो, कारण घरात तिची चुकीची आवृत्ती फिरते आहे.

सकाळी गाडी दिमाखात हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये लावली. सासूबाई वर वॉर्डात आवरत होत्या. बायको घरी त्यांची खोली लावत होती. मी सीट पुसत होतो, इतक्यात डावीकडून सुस्कारा आला आणि गाडी खाली जाऊ लागली. सावकाश, अगदी रुबाबात.

माझं मन भरून आलं. अशा वेळी माणूस बायकोलाच फोन करतो. मी म्हणालो, बसली. तिने विचारलं, हळू बसली ना? मी म्हणालो, हळूहळूच, पण पार बसली. तिने विचारलं, दुखावलं तर नाही ना काही? गाडीबद्दल तिने इतक्या मायेने कधी विचारलं नव्हतं. मला गहिवरून आलं. म्हणालो, आवाज आला गं, डावा पाय गेला.

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला आणि फोन कटला. मी जॅक लावून गाडीखाली शिरलो.

पुढचं मला नंतर कळलं. तिने थेट डॉक्टरांना फोन केला की आईचा पाय गेला, ती पोर्चमध्ये आहे. डॉक्टर, दोन नर्स आणि स्ट्रेचर जिन्याने धावत खाली आले. पोर्चमध्ये त्यांना दोन पाय दिसले, गाडीखालून बाहेर आलेले. त्यांनी ते ओढले. ते माझे निघाले.

सासूबाई वॉर्डात चहा पीत होत्या.

बायको रिक्षाने पोचली, तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ती थेट वॉर्डात गेली. आईजवळ जाऊन बसली आणि तिचा हात धरून रडली. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं.

मिस्त्री गाडी न्यायला टेम्पो घेऊन आला. टेम्पोची पुढची सीट आणि पोर्चचा कट्टा एका उंचीचे निघाले. डॉक्टरांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, ही सीट उत्तम, वाकायलाच नको. सासूबाई कट्ट्यावरून सरळ सीटवर सरकल्या. शेजारी बायको. मागे दोराने बांधलेली माझी गाडी आणि तिच्यात स्टिअरिंग धरून मी. मागे ओझं, त्यामुळे टेम्पो मुंगीच्या पावलांनी चालला. एक धक्का बसला नाही. बायको म्हणाली, वरातीमागून घोडं. मी म्हणालो, धक्का बसला नाही तो माझ्या गाडीमुळेच. कोणी मान्य केलं नाही.

२२ फेब्रुवारी
स्प्रिंगा बसवल्या. हा पराभव नाही, तांत्रिक निर्णय आहे. मिस्त्रीने मोठ्या गाडीच्या घातल्या, मजबूत म्हणून. गाडी आता उंटासारखी उभी आहे आणि बसत नाही. रस्त्यावरचा खडीचा खडा न् खडा मोजता येतो.

बायकोला चक्कर मारून आणली. उतरल्यावर तिने मान चोळली आणि, बसत नाही हे खरं, असं म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली. तेवढ्यासाठी स्प्रिंगा वाईट नाहीत.

१ मार्च
उद्या सासूबाईंची तपासणी. मी म्हणालो, आता सीटही उंच झाली आहे, माझ्या गाडीतून जाऊ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो टेम्पोच बोलवा म्हणाल्या. त्या दिवशी पाण्यातून गेल्यासारखं वाटलं, म्हणाल्या.

मिस्त्रीने फोनवर स्पष्ट सांगितलं की रिकामा टेम्पो भयंकर उडतो. त्या दिवशी सावकाश गेला तो मागे गाडी होती म्हणून. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. हे मी सासूबाईंना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, खरंच की, जावईबापू, तुमची गाडी छान आहे. मग ती मागे बांधायला विसरू नका.

उद्या सकाळी निघायचं आहे. गाडी ठणठणीत आहे. इंजिन बंद ठेवायला सांगितलंय.