पाव तासाची उष्णता

प्रिय युसूफभाई,

हे पत्र एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिहितो आहे: यवतमाळच्या आपल्या विणकर सोसायटीत सूत डागाळले, त्यात तुमच्या हाताचा काडीचाही दोष नव्हता. तुम्ही हे वाचणार नाही. तरी लिहिणे भाग आहे, कारण काल केळापूरला तुमच्या घरी समाचाराला गेलो, तेव्हा भाभी म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हनत होते, मास्तरसाहेबाचं गनित तं बरोबर होतं, माह्याच हाताले काही झालं असन."

मला शिव्या देत गेला असतात तर किती बरे झाले असते!

आठवते? सोसायटीत वीज आली. रंगाच्या हंड्याखालची लाकडाची भट्टी काढून विजेचा हीटर बसवायचे ठरले. तो किती किलोवॅटचा हवा, हे सांगायला मला, निवृत्त विज्ञानशिक्षकाला, बोलावले. मी फळ्यावर मांडले. शंभर लिटर पाणी तीस अंशांवरून नव्वदवर न्यायचे, म्हणजे सहा हजार किलोकॅलरी. एक किलोवॅट तासाला आठशे साठ किलोकॅलरी देतो. भागाकार केला: सात किलोवॅट.

तुम्ही, सोसायटीचे रंगारी, दाराशी उभे होतात, कोपरापर्यंत निळे.

"पानी तापन, मास्तरसाहेब. पन पाव घंट्यात तापन का? पुढच्या लडीयले तेवढाच टाइम असते."

"उष्णता तेवढीच लागते, युसूफभाई. तुमच्या घाईने ती वाढत नाही."

"मंग भट्टीत मी एवढी लाकडं काहून कोंबतो?"

सगळे हसले. मीही हसलो. उत्तर त्या प्रश्नातच होते!

हीटर बसला. पाणी तापायला तास लागू लागला. विणकर खोळंबले, चिटणीस ओरडले, आणि तुम्ही कोमट पाण्यातच सुताच्या लडी सोडल्या. रंग कुठे धरला, कुठे नाही. कमिटीने मला विचारले. मी म्हणालो, "माझ्या गणितात चूक नाही." तेवढ्यावर तुम्हाला काढले.

तुम्ही भांडला का नाहीत? तीस वर्षांचा अनुभव फळ्यावरच्या चार ओळींपुढे का झुकवलात? माझ्या बोलण्यावर इतका विश्वास ठेवायला तुम्हाला कोणी सांगितले होते?

किलोवॅट हा उष्णतेचा साठा नव्हे, तो तिचा वेग आहे. हे न कळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बाकावर उभे करत असे. पाव तासात तेच काम हवे, तर चौपट वेग हवा. अठ्ठावीस किलोवॅट.

सोसायटीच्या येत्या सभेत हा कागद मी उभा राहून वाचीन. त्याआधी भाभींपुढे वाचीन.

कबुली: मी उष्णता मोजली, वेळ मोजला नाही. ही चूक तुम्हाला काढले त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आली होती.

वामन मास्तर