नळीतला ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

नवा कॅमेरा आला. जुना शुक्रवारी गेला, तेरा वर्षं इमानेइतबारे राबून. नव्याला पडद्याच्या यंत्रावर चढवलं. डोळ्यात डोकावून मागच्या पडद्याचा फोटो काढायचं आमच्या दवाखान्यातलं हे यंत्र. त्याच्या पाठीला नळी, नळीच्या टोकाला कॅमेरा. बटण दाबलं — काही नाही! स्क्रीनवर पाटी: लेन्स जोडलेली नाही. समोर हातभर काचा आहेत आणि महाशय म्हणतात, लेन्स नाही.

कंपनीवाला फोनवर: "ताई, आपल्या कंपनीची लेन्स सोडून त्याला काही ओळखूच येत नाही. मेनूत जा, लेन्स नसली तरी फोटो काढ म्हणून सांगा." सांगितलं. ऐकलं. नव्या सुनेसारखं आहे — ओळख करून दिल्याशिवाय कुणाच्या पाया पडत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो निघतो, पण खालचा अर्धा काळा. फ्लॅश आधी उडतो, कॅमेरा नंतर जागा होतो. ताळमेळ शून्य. दोन तास त्यात गेले. नवा कॅमेरा आवाज न करता फोटो काढतो म्हणे. ते कौतुक बंद केलं, वेग कमी केला, तेव्हा अख्खा फोटो आला.

तपासायला डोळा लागतो. सिस्टर बसल्या, पण त्यांच्या डोळ्यांना दोन फ्लॅशमध्ये धारा. तेवढ्यात दादा माझा विसरलेला डबा घेऊन आला. माझा थोरला भाऊ, शहर बसवर ड्रायव्हर. घरी तो आणि वहिनी खालच्या मजल्यावर, मी वर. दुपारी एकला त्याची पाळी सुटते.

"काय ठमे, मशिननं मान टाकली?"

"बस इथे, हनुवटी ठेव." मी सांगायच्या आत त्यानं उजवा डोळा पुढे केला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आता फोटोच्या कडेला अंधाराचं कडं. नळी जुन्या कॅमेऱ्याच्या मापाची, नवा अंगानं मोठा. धाकट्याचा सदरा थोरल्याला. मधे पातळ चकती घालून, काढून, पुन्हा घालून पाहिलं. कडा नीट दिसाव्यात म्हणून कॅमेरा काळ्यापांढऱ्यावर ठेवला.

दादा परत हजर! डबा आज माझ्याजवळच होता.

"कशाला आलास?"

"तुझी खोली थंड असते."

बसवला. चौदा फोटो. एरवी पाच मिनिटं गप्प न बसणारा माणूस, पापणी हलवली नाही.

"काय दिसतंय?"

"कडेला अंधार."

"आणि मधे?"

"मधलं कुणाला हवंय, मी कडा बघतेय. हलू नकोस."

चकती बसली. कडं गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक गेलं, दुसरं आलं. आता ठिपका. मध्यापासून जरा खाली, मुगाएवढा. सकाळच्या आजोबांच्या डोळ्यात आहे, त्यांच्या सुनेच्या डोळ्यात आहे, शाळेतल्या मुलीच्याही. डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हा ठिपका पेशंटचा की आपला?"

"आपला. सगळ्यांना एकाच जागी कसा असेल?"

"बरं. मग मी तो धरत नाही."

डॉक्टरनं असं म्हणणं म्हणजे माझ्यावर जोखीम. तर सिद्ध करायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सिद्ध झालं! युक्ती साधी: डोळा तिथेच, कॅमेरा तिथेच, फक्त नळी फिरवायची. ठिपका फिरला तर तो नळीचा. आधी सिस्टर, मग दादा (कालही येऊन बसला होता, आज चौथा दिवस! त्याला आता सिस्टर 'स्टाफ' म्हणतात). नळी अर्धी फिरवली, ठिपका खालून वर गेला. दोघांच्याही फोटोत.

"झालं?"

"झालं. दोष नळीचाच."

"नक्की?"

"शंभर टक्के."

त्यानं हनुवटीची पट्टी सोडली, पाठीत धपाटा घातला माझ्या, आणि जिन्यावरून शीळ घालत गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवी नळी. स्वच्छ. जुनीच्या आतल्या काचेला बुरशी धरली होती. जुन्या कॅमेऱ्याला ती दिसायची नाही इतकंच. ठिपकेवाल्या दिवसांत नऊ पेशंट होते. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना परत बोलवा, मन शांत राहील.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊच्या नऊ आले. नऊच्या नऊ स्वच्छ. मॅडमनी चहा पाजला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीवाल्याला जुन्या नळीचे नमुना फोटो हवेत, नाहीतर नव्या नळीचे पैसे परत मिळणार नाहीत. सकाळी चाचणीचे फोटो काढून बसले. सिस्टरचे दोन: ठिपका खाली, ठिपका वर. उत्तम. दादाचे दोन: ठिपका खाली, ठिपका वर. आणि मधे एक. दोन्हींत. न हलता.

त्या बुधवारचे चौदा उघडले. चौदाही फोटोंत मधला ठिपका आहे. मंगळवारचा रंगीत होता, त्यात तो काळा नाही — लाल आहे.

घड्याळात पावणेअकरा. दादा रस्त्यावर, मागे पन्नास माणसं. फोन केला तर चालवता चालवता घेईल, म्हणून केला नाही. डेपोत कळवावं, तर काय सांगणार? एक पेशंट केला. दुसरा केला. तिसऱ्याला दोनदा डावा डोळा ठेवायला लावला. एक वाजून पाच मिनिटांनी फोन केला.

"ये."

"आता काय बिघडलं?"

"ये तू."



२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल मॅडमनी लगेच पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली, ऐन मधे, रक्त झिरपतंय. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, महिन्याला एक. "तीन आठवडे आधी मिळालं असतं तर—" एवढंच म्हणून मॅडम थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दादानं आकडे वाचून दाखवले. वरची मोठी ओळ, बस. "समोरच्या गाडीचा नंबर दिसतो, पण मधले आकडे उंदरानं खाल्ल्यासारखे," म्हणाला. हसला. 

नऊ जणांना परत बोलावलं मी. दादाचं नाव यादीत नव्हतं. तो पेशंट नव्हता ना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दादानं डेपोत मॅडमचा कागद दिला. बस बंद.

२५ मार्च, मंगळवार

दुसरं इंजेक्शन. रक्त थांबलंय. गेलेलं बरंचसं गेलंच. मॅडम म्हणतात, आहे ते टिकेल. डेपोनं त्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बसल्या जागी बसलाय. म्हणतो, लोक बसपेक्षा कटकटे.

माझ्याशी नीट बोलतो. तेच अवघड जातं.

२९ मार्च, शनिवार

वहिनी भाजी निवडता निवडता बोलून गेली. दिसत नाही हे त्याला जानेवारीतच कळलं होतं. तपासायला गेला तर डेपोत कळेल, गाडी जाईल, ही धास्ती. ती मागे लागली की म्हणायचा, "ठमी रोज माझ्या डोळ्यात बघतेय. काही असतं तर ती बोलली असती."