चेंडूची उंची

७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चेंडूची उंची तू कळवलीस, १२३ सेंटिमीटर. नऊ वर्षांच्या मुलीला ती कमीच, पण वाढ खुंटली असं म्हणायची आमच्या पोषण खात्याची जी रेषा आहे तिच्या वर आहे. सुट्टीत घरी आले तेव्हा चिमट्याने तिच्या दंडावरची आणि पाठीवरची चरबी मी मोजलीच होती. ती जास्त आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एवढंच निघतं, की तुझ्या लेकीचं खाणं जरा आवरायला हवं.

उंचीची पट्टी मुलं तपासली त्या शाळेत राहिल्यामुळे तुला त्रास दिला. पण तू सुतार. तुझ्या मापावर शंका घेण्याइतकी काही मी शिकलेली नाही.

आईला, वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी धाकटी

२९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

घरात शिकलेलं माणूस एकच, आणि तेच लिहून सांगतंय म्हटल्यावर ‘जरा आवरा’चं ‘बंद’ व्हायला वेळ लागला नाही. दूध बंद, अंडं बंद, शाळेतून आल्यावरचं खाणं बंद. आई म्हणाली, लेकराच्या तोंडचा घास काढायला एवढं शिकावं लागतं होय? तुझी वहिनी म्हणाली, आजीच्या लाडानेच पोरीचा चेंडू झाला. त्यानंतर दोघी चार दिवस माझ्यामार्फत बोलत होत्या.

चेंडूचे हात काटकुळे झालेत, पोट होतं तिथेच आहे. परवा ती वर्गात झोपली. बाईंनी चिठ्ठी पाठवली.

उंची दर रविवारी घेतो. सूतभरही हललेली नाही. मापात मात्र कसूर नाही. आपली जमीन ओबडधोबड, म्हणून तिला उंबऱ्यावर उभी करतो. तो मी स्वतः रंधा मारून सपाट केलाय. आणि माणसाची उंची जमिनीपासून धरतात, म्हणून टेप जमिनीला टेकवतो. पहिल्या दिवसापासून हीच पद्धत.

तब्येतीला जप.

दादा

२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

आधी चेंडूला जेवायला वाढ. मग पुढचं वाच.

आपला उंबरा पाच सेंटिमीटरचा आहे. ते पाच चेंडूचे नाहीत. ती ११८ची आहे, म्हणजे रेषेच्या खाली. तिची वाढ खुंटली आहे. अशी मुलं अंगाने गुटगुटीत दिसू शकतात, म्हणून त्यांचं पोषण कमी पडतंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हे मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मास्तरांना समजावते. त्यांना पहिला प्रश्न विचारते तो असा, की मूल उभं कुठे केलं होतं? तुला विचारला नाही. भावाला काय विचारायचं, असं वाटलं.

आणि माप बरोबर असतं तरी डॉक्टरांना न दाखवता वाढत्या मुलीचं खाणं कमी करा म्हणायचा मला अधिकार नव्हता. चूक तुझी नाही, माझी आहे. वहिनींना हे वाचून दाखव, गाळू नकोस. उद्याच तिला डॉक्टरांकडे ने. बारा आठवडे झाले, दादा. मी मोजले.

रागावलात तरी पत्र थांबवू नका.

धाकटी

१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. दूध, अंडी, डाळ रोज द्या, भरपूर खेळू द्या, तीन महिन्यांनी या म्हणाले. उंची भरून येईल का, असं आईने विचारलं. थोडी येईल, म्हणाले. थोडी म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुझ्या वहिनीला पत्र न गाळता वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बंद तर मी केलं होतं, तिने जरा म्हटलं होतं. हे तुला कळवायला सांगितलेलं नाही, तरी कळवतो.

आता एकच अडचण. चेंडू अंडं हातात घेते आणि विचारते, आत्याला चालेल का? आम्ही तिघंही हो म्हणतो. ती अर्धं खाते, अर्धं ठेवते. आमच्यातलं कुणी शिकलेलं नाही, हे तिला माहीत आहे. तेव्हा तू तिलाच पत्र लिही. मोठ्या अक्षरात लिही. तुमच्या खात्याचा शिक्का असेल तर तोही मार.

माया होती तेवढीच आहे.

दादा