शनिवारी घरात आलेला कॉम्प्युटर

बाई,

तुम्ही गेल्याचं मला इकडे खर्ड्याला फार उशिरा कळलं. तुमचा टायपिंगचा क्लास तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि नगरला माझं येणं-जाणंही राहिलं नव्हतं. कुणी मुद्दाम कळवावं एवढी मी तुमची कुणी नव्हते, नुसती जुनी विद्यार्थिनी. तरी राग आला होता. तो राग जिरला, पण गेल्या शनिवारी आलेला काही केल्या जिरत नाही. घरात बोलावं तर म्हणतात, झालं ना मनासारखं, आता कशाला उगाळतेस? म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही निदान मध्ये बोलणार नाही. जिवंतपणी फार बोलायचात.

आमच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता. मुलगी नववीत आहे आणि शाळेतून सगळं फोनवर येतं, प्रकल्प फोनवर, प्रश्नपत्रिका फोनवर. फोन माझा, त्याची काच तडकलेली, आणि अक्षरं मोहरीएवढी. पोरगी डोळे बारीक करून वाचते आणि शिक्षकांची बोलणीही खाते, नीट वाचत नाहीस म्हणून. गावातल्या बायकांचे अर्ज, बचत गटाचे अहवाल मीही त्याच फोनवर लिहून देते. तुमच्याकडे दहा बोटं शिकलेली मी, दोन अंगठ्यांवर आले बाई. ह्यांना सांगितलं तेव्हा हे टेम्पो घेऊन पुण्याच्या वाटेवर होते. फोनवरच म्हणाले, "घे की, पर धाकट्याला संगं ने. त्याला कळतं त्यातलं." धाकटा म्हणजे माझा दीर. त्याला त्यातलं काय कळतं? तो गावातल्या पोरांचे वाढदिवसाचे बॅनर मोबाईलवर बनवतो. माझं टायपिंगचं सर्टिफिकेट लग्नात दाखवायला चाललं, पण टायपिंगचं यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा कळणारा माणूस दीर ठरला!

शनिवारी शाळा सकाळची होती. पोरगी घरी आल्यावर आम्ही तिघं एसटीने नगरला गेलो. दुकान मोठं, गारेगार. मी विक्रेत्याला म्हणते, लिहायला-वाचायला आणि शाळेच्या अभ्यासाला पाहिजे, पडदा मोठा हवा, कीबोर्ड चांगला हवा, मराठी लिहिता आलं पाहिजे. तो सगळं ऐकून घेतो आणि उत्तर दिराकडे बघून देतो. "दादा, याला ग्राफिक्स कार्ड आहे, गेम एकदम स्मूथ." मी विचारते, मराठीचं काय? तो दिराला सांगतो, "मॅडमना सांगा, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की आपोआप मराठी होतं." म्हणजे माझ्या भाषेत लिहायला मी आधी परक्या अक्षरांच्या दारातून जायचं! आणि मी समोर उभी असताना निरोप दिरामार्फत! तेवढ्यात त्याने एक लॅपटॉप उघडला. त्याच्या बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे पळायला लागले, गणपतीच्या मांडवासारखे. दिराचे डोळे लकाकले. "वयनी, ह्योच घिऊ. लई भारी हाय. पोरीलाबी हुईल, आपल्यालाबी किरकेटची म्याच बघाया हुईल." किंमत आमच्या ऐपतीच्या पार बाहेर, तर त्यावरही त्यांच्याकडे तोडगा तयार होता, हप्ते पाडू. मी म्हटलं, जरा बसून टाइप करून बघते. विक्रेता म्हणाला, "मॅडम, डिस्प्लेच्या पीसला हात नका लावू."

तिथे मला तुम्ही आठवलात. तुमच्या क्लासची मागची खोली म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. एका बाजूला आमची यंत्रं खडखडायची आणि आत तुम्ही भाकरी थापायचात. थापता थापता तुम्हाला आवाजावरून कळायचं कोण चुकलं ते. एकदा मी नव्या यंत्रावर बसायचा हट्ट धरला, ते चकचकीत होतं म्हणून. तुम्ही पिठाच्या हातानेच बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "यंत्र बोटांनी निवडायचं असतं. डोळ्यांनी निवडायला तू काय साडी घेतेयस?" मग मला प्रत्येक यंत्रावर एक-एक ओळ मारायला लावलीत. चकचकीत यंत्राची बटणं जड निघाली आणि कोपऱ्यातलं रंग उडालेलं हलकं. मी दिवसभर फुगून बसले. जेवायच्या वेळी तुम्ही माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढलीत, पण सॉरी-बिरी काही म्हणाला नाहीत. लग्नात तुम्ही मला साडी दिली नाहीत, खुर्चीवर टाकायची गादी दिलीत, बैठक उंच असली म्हणजे मनगटं दुखत नाहीत म्हणून. सासरी ती पाळण्यात गेली. कुणी विचारलंही नाही, कसली आहे ती.

मी पोरीचा हात धरला आणि दुकानातून बाहेर पडले. मागच्या गल्लीत एक दुरुस्तीचं दुकान दिसलं, तिथे ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकत होते. दुकानदार शिंगाडा खात बसला होता. म्हणाला, "बसा, चालवून बघा." एवढंच! कुणालाही म्हणता येईल असं साधं वाक्य. मी बसले. एक कीबोर्ड खडबडीत निघाला, दुसरा बरा, तिसऱ्यावर बोटं आपली आपण चालली. त्याने जुन्या टाइपरायटरची मराठी मांडणी लावून दिली आणि तुमचा पहिला धडा पडद्यावर उमटला. डिस्क नवी टाकली होती, त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागत नव्हता. बिघडला तर परत आणा, हेही त्याने बिलावर लिहून दिलं. आमच्या ऐपतीत बसणारा होता. दीर दारात उभा राहून म्हणत होता, "आवं वयनी, भंगार हाय त्ये. लोकं हासतील." मी घेतला.

कॉम्प्युटरचा लोखंडी डबा माझ्या मांडीवर, पडदा पोरीच्या मांडीवर, असे आम्ही एसटीत बसून आलो. खर्ड्याला घराच्या उंबऱ्याशी पोचलो आणि दिराने हात आडवा केला. "थांबा. आज शनवार हाय. लोखंड घरात आनत न्हाईत."

बाई, माझं डोकंच फिरलं. दुकानात तो दिव्यांचा लॅपटॉप चालला असता, तेव्हा शनिवार कुठे गेला होता? मी विचारलं, तर म्हणे, "त्यो पलास्टिकचा हुता." आपल्या जिल्ह्यात शनीचा धाक मोठा, मीही मानते, शनिवारी मीही खिळा घेत नाही. पण शिंगणापूरला देवाच्या भरवशावर लोक घराला दार लावत नाहीत, आणि इथे हा देवाचं नाव घेऊन माझ्या पोरीला दार लावतोय! मी म्हटलं, "तुमची मोटारसायकल रोज आत येती. ती काय लाकडाची हाय?"

"मी नव्या वस्तूचं म्हनतोय."

"मग ह्यो जुनाच हाय की. तुमीच भंगार म्हनला मघाशी."

पोरगी खुदकन हसली. सासूबाई ओट्यावर होत्या, त्या म्हणाल्या, "आता सर बाजूला, पोरीचे हात दुखत्याल." मी डबा उचलून आत आणला.

तेव्हापासून दीर माझ्याशी मोजकं बोलतो. बाकी घर खूश आहे. सासूबाई येईल त्या बाईला सांगतात, नातीच्या अभ्यासाला आणलाय. हे फोनवर विचारतात, पोरगी अभ्यास करती का त्याच्यावर? काल मी जरा बसले तर शेजारीण म्हणाली, "तुमाला काय करायचं वो त्याच्यावर?" मी म्हटलं, बघत होते, नीट चालतोय का.

खोटं बोलले बाई. दुकानात मी ज्यासाठी भांडले, उंबऱ्यावर ज्यासाठी भांडले, त्यात पोरीचा अभ्यास होताच, पण तो मला माझ्यासाठीही हवा होता. पोरीपेक्षा जरा जास्तच. मिक्सर मागितला असता तर घराने माझ्या नावाने आणला असता, हा मागायला मला पोरीचं नाव पुढे करावं लागलं.

हे सगळं त्याच्यावरच टाइप केलं, दहाही बोटांनी. पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि घरातल्या कुणी वाचायलाही नको, म्हणून आता पुसून टाकणार आहे. पोरगी शाळेतून येईलच. आली की हात-पाय धुवायच्या आधी खुर्चीवर बसते, "मम्मी, ऊठ ना" म्हणते, आणि मी उठते. आणि खरं सांगते, त्या वेळी मला तिचाही राग येतो.