सवतीचा टाक

जामखेड, ४ जानेवारी १९७१
पोचलो एकदाचा. एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास मिळाली आणि मालकीणबाईंची शेंगदाण्याची चटणी अशी की दिल्लीला रामराम ठोकावा. पुढच्या आठवड्यात नलू पुण्याहून येईल. लग्नाला वर्षही झालं नाही आणि मी गावोगाव चांदी धुंडाळत फिरतोय. दिल्लीतल्या आमच्या नव्या कलासंग्रहालयात देशोदेशीच्या दागिन्यांचं दालन होतंय. आफ्रिकेचे आले, चीनचे आले, तिबेटचे आले. आपल्या देशावरचं काहीच नाही म्हणजे काय?

९ जानेवारी
आज घबाड हाती लागलं. शेजारच्या वाडीतल्या भागूबाई दुसरेपणाच्या. गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची चांदीची मूर्ती. चेहरा नखाएवढा. जेवताना पहिला घास त्या ओठांना लावायचा, मगच आपण खायचं. मी म्हटलं, दिल्लीला काचेच्या पेटीत हिला सारं जग बघेल. बाईंनी हसत काढून दिला, पैसेही घेतले नाहीत. सासू झुंबरबाई तेवढी आडवी आली.
"देतीस तर दे. पन जो नेईल त्याची ती पयली बायको हुईल. तिला घास न्हाई मिळाला तर ती दुसरीला खाऊ द्यायची न्हाई."
म्हातारीला नमस्कार केला आणि टाक आजच आमच्या माणसाबरोबर दिल्लीला धाडला.

१५ जानेवारी
नलू आली. घर कसं भरल्यासारखं वाटतंय. प्रवासाचा शीण असेल, भाकरी मात्र तिला गेली नाही.

२१ जानेवारी
सहा दिवस अन्न नाही. डॉक्टर म्हणतात, घसा साफ आहे. नलू म्हणते, घास तोंडाशी नेला की कुणीतरी मनगट धरतं. मी भरवलं तर जबडा दाबतं. तिच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत. मी पाहिले.

२४ जानेवारी
झुंबरबाईंचे पाय धरले. टाक परत आणा, पहिला घास त्याला द्या, दुसरा उपाय नाही म्हणाल्या. दिल्लीला ट्रंक कॉल लावला. साहेब म्हणाले, एकदा संग्रहात आलेली वस्तू देशाची, ती परत निघत नाही. चिनी बांगड्यांशेजारी फार छान दिसतेय म्हणे. मी म्हटलं, निदान पेटी उघडून तिच्या ओठांना भाकरीचा तुकडा लावा. ते हसले. अन्नानं किडे येतात, म्हणाले. नलूला अशी टाकून मी तरी कसा जाऊ?

२८ जानेवारी
सलाईनची सुई टोचली की उपसून फेकली जाते — नलू उठून बसूही शकत नाही — टाकातल्या त्या बाईला हात जोडले. मला ने म्हटलं. हिला सोड.

३० जानेवारी
नलू जेवली. माझ्या हातून, हपापून. मी ढसाढसा रडलो. तोंड पुसून ती म्हणाली, "लई दिसांनी प्वाटभर जेवले, धनी."
नलू असं बोलत नाही. मी विचारलं, नलू कुठाय.
"काचंत. तिला आता कोन घास देनार?"

३१ जानेवारी
दिल्लीला निघतो. भाकरी बांधून घेतलीय. काच फोडीन, हात तुटले तरी फोडीन — माझी नलू तिथं उपाशी —
ती दारात बसलीय. कडी लावलीय. म्हणते, आधी माझं ताट —
बांधलेली भाकरी ती सोडत नाही — नलू, मी येतो गं, मी —