सोललेली फोड

११ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तिकडेही असालच. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो.

तर तुझा प्रश्न. घरामागच्या जमिनीत सफरचंदं लावायची, रस्त्यालगत टेबल टाकून ताजी विकायची, तर नुसती चावून खायला सगळ्यांत चांगली जात कुठली? नर्सरीवाल्याला महिनाअखेरीस सांगायचं आहे, आणि एकदा लावलेली झाडं तू म्हातारी होईपर्यंत तिथेच राहणार. म्हणून "चोखंदळराव, तुम्हीच सांगा." शीतगृहात आलेल्या मालातलं फळ खाऊन बघायचं आणि तो बाजारात जाऊ द्यायचा की नाही ते ठरवायचं, यावर माझं पोट चालतं. तेव्हा तू दुसऱ्या कोणाला विचारणार होतीस म्हणा.

खरं सांगू? एकही जात धड राहिलेली नाही. फुजी घे. लोक तिच्यावर जीव टाकतात. कडक आहे, रस आहे, महिनोन्महिने टिकते, पण खाल्ली की काय, तर साखरेचं पाणी. गाला दिसायला देखणी, चवीच्या नावाने बोंब. रेड डेलिशस नुसती टेबलावर मांडून ठेवायची, जाड साल आणि आत भुसा. हिरवी ग्रॅनी स्मिथ निदान आंबट तरी लागते, पण आंबटच लागते, पुढे काही नाही. आणि गोल्डन! जिची पेटी उघडली की मी हातातलं काम विसरायचो, ती यंदा ओला कागद चावल्यासारखी लागतेय. बागवाल्यांनी काय करून ठेवलंय देव जाणे. यातली कुठलीच लावू नकोस असं लिहायचं माझ्या अगदी पेनाच्या टोकावर आलंय.

गेल्या आठवड्यात यावरूनच कामावर वाजलं. मी पास केलेल्या पेट्या दुकानदारांनी परत पाठवल्या. म्हणे सफरचंदांना कांद्याचा वास येतो. शेजारच्या खोलीत कोणीतरी कांदे ठेवले होते, हे खरं. सफरचंद आसपासचा वास ओढून घेतं, हे सगळ्यांना मीच शिकवलंय. पण त्या पेट्यांमधलं फळ मी स्वतः खाल्लं होतं ना? कुरकुरीत होतं. दाबून कडकपणा बघितला, यंत्रावर साखर मोजली, दोन्ही चोख. दुकानदारांना काय, नाक मुरडायला निमित्त हवं असतं. साहेबांनी परत आलेल्या पेटीतलं एक फळ उचललं, हुंगलं आणि माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मला त्याचाच जास्त राग आला.

घरी यावं तर घरीही तेच. परवा मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. तुझी भावजय गच्चीवरून खाली आली ती ओरडतच. दूध उतू जाऊन करपलं होतं, पातेलं काळं झालं होतं. तिचं म्हणणं, वास पार जिन्यात आला. येऊ दे की. दुधावर लक्ष ठेवा असं मला कोणी सांगितलं होतं? पेपर वाचणाऱ्या माणसाने पातेल्याची राखण करायची असते का? तेव्हापासून मी जेवत असताना ती टक लावून बघत असते. मी म्हटलं, हल्ली तुझ्या हाताची चव गेली. हे बोलायला नको होतं.

झाडांचं उद्या लिहितो. आत्ता डोकं ठिकाणावर नाही.

१५ ऑक्टोबर

पत्र टाकलंच नाही. बरं झालं.

काल दुपारी हिने बशीतून सोललेली फोड आणली. "कुठलं आहे, ओळखा बघू," म्हणाली. मला वाटलं, समेट करतेय. मी डोळे मिटले, चावलं आणि रुबाबात निकाल दिला. रेड डेलिशस, फार दिवस साठवलेलं, गोडी उतरलेली, पिठूळ. कोणी गळ्यात मारलं तुझ्या?

ती समोर बसली. "बटाटा आहे," म्हणाली. "कच्चा."

ताई, मी तिच्यावर असा भडकलो की विचारू नकोस. चेष्टा करतेस, फसवतेस, तोंडाला येईल ते बोललो. ती उठली नाही. माझं बोलून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

जुलैमधल्या तापापासून. ताप उतरला, नाक मोकळं झालं, वास मात्र परत आला नाही. जिभेला गोड-आंबट तेवढं कळतं, बाकीचं सगळं पुसून गेलंय. साबण, चहा, मुलीच्या केसांचं तेल, काही म्हणजे काही येत नाही. डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो. येईलही, नाहीही येणार, वाट बघा, म्हणाले. वाट बघायला डॉक्टर कशाला हवा? तेव्हापासून मी रोज सफरचंदं चावतो आणि नुसत्या आवाजावरून पास करतो. फळाची कुरकुर तेवढी अजून मला पूर्वीसारखी कळते.

साहेबांना उद्या सांगणार आहे. मोजमापाच्या टेबलावर बसवतील, नाहीतर घरी बसवतील. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण बटाटा समोर आल्यावर पहिल्यांदा आठवली ती तुझी झाडं. मी रागाच्या भरात 'गोल्डन लावू नकोस' असं ठोकून दिलं असतं आणि तू मुकाट्याने ऐकलं असतंस. मग तुझ्या घरामागे वीस वर्षं माझी चूक उभी राहिली असती.

जिभेशिवाय सांगता येण्यासारखं एकच आहे. दोन वेगवेगळ्या जाती जवळजवळ लाव, एकाच जातीची झाडं असली तर फळ नीट धरत नाही. कुठल्या दोन, ते तू ठरव. लहानपणी तू म्हणायचीस, सगळी सफरचंदं सारखीच लागतात, उगाच शहाणपणा करू नकोस. आता तसं म्हणून चालणार नाही.

सोबत एक पेटी पाठवतोय. हिने बाजारातून आणून भरली आहे, मी आत बघितलेलं नाही. चार जाती आहेत एवढंच माहीत आहे. एकेक सावकाश खा आणि मला लिही. 'छान आहे' असलं काही लिहू नकोस. कापल्यावर वास कसा आला, पहिल्या घासाला काय लागलं, गिळल्यावर तोंडात काय राहिलं, ते लिही. रंग लिहू नकोस, नाव तर मुळीच लिहू नकोस.

तू चव लिही. जात मी ओळखतो.

तुझा,
अजून तरी चोखंदळराव