जिभेखालची गोळी

सणसर, ३ मार्च १९९४

चि. राजवर्धन यास आशीर्वाद.

तू भोपाळला नोकरीवर, म्हणून तुझ्या बायकोबद्दल स्पष्ट लिहिते. तुझ्या वडिलांचं, आमच्या दादांचं, हृदय कमजोर झाल्यापासून बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे. तिनं दम कमी होतो, पण डोकं ठणकतं. डॉक्टर मला म्हणाले, डोकं दुखलं म्हणजे गोळी लागू पडली समजा. आता आठवडाभर दादांचं डोकं दुखत नाही आणि दम मात्र वाढला आहे. उत्कर्षा दुसरीच काही गोळी देते, असा मला संशय आहे. विचारलं तर म्हणते, "आत्या, तीच हाय. मी माझ्या हातानं ठेवते."

एवढं लिहून मी उठले आणि दाराआड उभी राहिले. उत्कर्षा गोळी ठेवून आत गेली. दादांनी तंबाखू थुंकावी तशी ती सफाईनं अंगणात थुंकली.

"दादा, हे काय?"

"गप ऱ्हा. ती घेतली की डोकं फुटतं. सून काय चारतीय, कुणाला ठावं?"

मी डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. दादा म्हणाले, "तू बी तिलाच मिळालीस व्हय?"

मी दुसरी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि ती विरघळेपर्यंत समोर बसून राहिले. आठवडाभर मी उत्कर्षाकडे जशी पाहत होते, तसेच ते माझ्याकडे पाहत होते.

हे पत्र आता चुलीत जाईल. गोळी विरघळल्यावर थोड्या वेळानं दादांनी कपाळ दाबून धरलं, आणि मला बरं वाटलं.

तुझी आत्या,
इंदुमती